गाडी कोणत्या तारखेची?

शिकागोच्या ओहेअर विमानतळाजवळ रोझमाँट नावाचं गाव आहे. दर नोव्हेंबरात तिथल्या प्रदर्शन-सभागृहात ‘मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स’ भरतं आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या शेकडो अमेरिकन गाड्या एका छताखाली येतात. परीक्षक हातात टॉर्च घेऊन गाडीखाली वाकतात. रंगाच्या चकाकीवर ते फार वेळ घालवत नाहीत. मागच्या ॲक्सलवर खडूची खूण आहे का, स्टेअरिंगच्या सांध्यावर रंगाचा ठिपका आहे का, बॉडीच्या रंगाचा फवारा कारखान्यात तळाला जसा बेहिशेबी उडायचा तसाच उडाला आहे का, हे ते शोधतात. १९६९ साली कुण्या कामगाराने ‘हा बोल्ट आवळून झाला’ एवढंच सांगायला ती खूण मारलेली असायची. आज कुणीतरी जुने फोटो आणि न उघडलेल्या गाड्या अभ्यासून तीच खूण, त्याच रंगात, तितक्याच घाईच्या हाताने पुन्हा मारलेली असते. कारखान्यात रंग जिथे ओघळायचा तिथे ओघळसुद्धा पुन्हा घडवतात.

बाहेरून बघणाऱ्याला हा अतिरेक वाटेल. पण पुढे सरकणाऱ्या असेम्ब्ली लाइनवर दिवसभर राबणाऱ्या, नावही मागे न उरलेल्या माणसाच्या हाताची घाई जपण्याजोगी आहे, असं मानणारे लोक जगात थोडेच. खूण पुन्हा मारणारे हे लोक त्यांतले आहेत, आणि त्यासाठी त्यांचा आदर वाटायला हवा. त्यांनी आपल्या गाडीसाठी एक तारीख ठरवलेली असते: ती कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तो दिवस.

जुन्या गाडीच्या कामात खरा प्रश्न हाच असतो. पत्रा, इंजिन, गिअरबॉक्स, रंग हे सगळं नंतर. आधी ठरवावं लागतं, की ही गाडी कोणत्या दिवसापाशी नेऊन उभी करायची. ते ठरलं नाही तर काम भरकटतं. सुटे भाग खोक्यांत भरले जातात, मालकाचा हुरूप ओसरतो, आणि शेवटी ‘काम अर्धवट, सर्व भाग सोबत’ अशा जाहिरातीखाली गाडी दुसऱ्याच्या दारात जाते.

मसल कारच्या, म्हणजे बेताच्या आकारात मोठं इंजिन भरलेल्या गाडीच्या, बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिची ‘मूळ’ अवस्था हीच एक खटपट होती. १९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला बजावलं. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० क्युबिक इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असाही कंपनीचा नियम होता. पॉन्टिॲक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रसेल गी यांच्या लक्षात आलं, की टेम्पेस्ट या साध्या गाडीत जिथे ३२६चं इंजिन बसतं तिथेच, त्याच माउंटिंगवर, मोठ्या पॉन्टिॲकमधलं ३८९चं इंजिनही बसतं. नवी गाडी म्हणून मंजुरी मागितली असती तर नकार ठरलेला होता. म्हणून ते टेम्पेस्ट लमाँवरचं ऐच्छिक पॅकेज म्हणून बाजारात आलं. किंमत जवळजवळ ३०० डॉलर, नाव जीटीओ. ५,००० गाड्या खपतील असा कंपनीचा हिशेब होता. १९६४च्या मॉडेल-वर्षात ३२,४५० खपल्या. छोट्या गाडीत मोठं इंजिन कोंबायचं, ही युक्ती कॅलिफोर्नियातली पोरं घरच्या गॅरेजमध्ये कधीपासून करत होती. ‘हॉट रॉड’ हे त्यांचं मासिक १९४८ सालीच निघालं होतं. डेट्रॉइटने त्या युक्तीला वॉरंटी दिली.

मग डीलरही त्यात उतरले. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डॉन येंको स्वतः शर्यतीत गाडी चालवायचे. शेवरलेट कॅमॅरो आली तेव्हा तीत ४२७ क्युबिक इंचांचं इंजिन मिळत नव्हतं, म्हणून ते आपल्याच वर्कशॉपमध्ये नव्याकोऱ्या गाडीचं इंजिन उतरवून ४२७ बसवायचे आणि गाडी विकायचे. १९६९ साठी त्यांनी शेवरलेटच्या ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ची वाट धरली. टॅक्सी, पोलीस आणि ट्रकांच्या ताफ्यांच्या खास मागण्यांसाठी असलेली ती सोय वापरून त्यांनी ४२७ थेट कारखान्यातच बसवून घेतलं. इलिनॉयमधल्या ला हार्प या लहानशा गावचे डीलर फ्रेड गिब यांनी त्याच वाटेने, ब्लॉकपासून हेडपर्यंत ॲल्युमिनियमचं इंजिन असलेल्या ५० कॅमॅरो मागवल्या. झेडएल-१ म्हणतात त्या ह्या. नुसत्या इंजिनाचीच किंमत चार हजार डॉलरच्या पुढे गेली, आणि त्या वेळी तेवढ्यात दुसरी अख्खी गाडी येत होती. सगळ्या मिळून ६९ बनल्या, त्यांतल्या बऱ्याच दिवसचे दिवस शोरूममध्ये पडून राहिल्या. आज संग्राहक त्यांच्या मागे धावतात.

म्हणजे कारखाना, डीलर, मालक अशी फेरफारांची एक साखळीच होती. मालकाची पाळी गाडी घरी आली की लगेच यायची. क्रेगरची क्रोम चाकं, हर्स्टचा गिअर शिफ्टर, एक्झॉस्टचे हेडर, मागचा ॲक्सल जोराच्या उचलीत पिळवटू नये म्हणून पाट्यांना ट्रॅक्शन बार, हे सामान शनिवार-रविवारी चढायचं आणि पगाराच्या हप्त्यांतून फिटायचं. अशा गाड्यांना आता ‘डे टू’ म्हणतात आणि रोझमाँटला त्यांना मानाची जागा मिळते. खडूच्या खुणा मोजणाऱ्या सभागृहात ही जागा असावी हे फार चांगलं झालं. साठच्या दशकातला विशीतला मुलगा कसा जगत होता, हे कारखान्याच्या तारखेवर थांबलेल्या गाडीतून कळणार नाही. ते या गाडीतून कळतं.

त्या मुलांचे दिवस लवकर संपले. विमा कंपन्यांनी जास्त ताकदीच्या गाड्यांचे हप्ते वाढवले. १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. १९७१ला जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं आणि १९७३च्या तेलबंदीने उरलेला जोर काढून घेतला. पुढची बरीच वर्षं या गाड्या म्हणजे पेट्रोल पिणाऱ्या स्वस्त जुन्या गाड्या, एवढंच होतं. पोरांनी त्या पळवल्या, ठोकल्या, घराच्या मागे गवतात उभ्या केल्या.

आणि गवतात पत्रा कुजतो. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या काळच्या पत्र्याला गंजापासून फारसं संरक्षण नव्हतंच. व्हिनाइलचं छत दिसायला रुबाबदार, पण पाणी त्याच्या खाली शिरतं आणि वरून काहीही न दिसता पत्रा चाळणी होतो. सुरुवातीच्या फोर्ड मस्टँगचं दुखणं विंडशील्डच्या पायथ्याशी असतं. तिथल्या जाळीतून केबिनमध्ये हवा येते. जाळीखालच्या बंद डब्यात पाचोळा साठतो, पाणी मुरतं, आणि मालकाला पत्ता लागतो तो पावसात स्वतःचे पाय ओले झाल्यावर. तो डबा बदलायचा तर गाडीचं नाक सगळं सोडवावं लागतं, एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलने फोडावा लागतो, आणि नवा डबा बसवताना दारांच्या फटी हलल्या तर पुन्हा पहिल्यापासून.

जुनी गाडी बघायला जाणारे जाणते लोक खिशात लोहचुंबक ठेवतात. मागच्या चाकाच्या वरच्या कमानीवर चुंबक चिकटला नाही, तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे. रंग खरवडल्यावर कधी वर्तमानपत्राचे बोळे निघतात, कधी जाळी, कधी चक्क सिमेंट. मग बॉडी चौकटीवरून उतरवून फिरत्या स्टँडवर चढवतात आणि निखाऱ्यावर कणीस फिरवावं तशी फिरवत तिचा तळ, कुशी, छत सगळं उघडं करतात. वाळूचा मारा करून गंज काढताना हात जड झाला तर सपाट पत्रा लहरी घेतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. म्हणून बॉनेट आणि छताला तो मारा टाळतात. या कामात महिने जातात, पैसा जातो, आणि जे घडतं ते शेवटी रंगाखाली झाकलं जातं.

काही गाड्यांत वाचवण्याजोगं उरलेलंच नसतं. त्यांच्यासाठी डायनाकॉर्न ही कंपनी पहिल्या पिढीच्या कॅमॅरोचे आणि १९६७-६८च्या मस्टँग फास्टबॅकचे पूर्ण सांगाडे नव्याने दाबून विकते, तेही मूळ कंपन्यांच्या परवान्याने. कॅटलॉगमधून सामान मागवून एकही जुना बोल्ट नसलेली १९६७ची मस्टँग आज उभी करता येते. तशी गाडी बांधण्यात काहीच वावगं नाही. मात्र जुन्या गाडीची नंबरपट्टी उखडून नव्या सांगाड्यावर डकवणं हा अनेक राज्यांत गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ती फसवणूकच ठरली असती. बांधणाऱ्याने गाडी कोणत्या तारखेची आहे ते उघड सांगावं, एवढीच अपेक्षा.

लबाडीला जागा आहे, कारण पैसा मोठा आहे. शेवरलेटची साधी शेव्हेल आणि ४५४ इंजिनाची एसएस शेव्हेल बाहेरून चिन्हांच्या फरकाने ओळखायच्या. चिन्हं बाजारात मिळतात. म्हणून इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर आणि गाडीचा नंबर जुळतो का, हे आधी पाहतात. पॉन्टिॲकच्या जुन्या नोंदी टिकल्या आणि त्या मालकांना मागवता येतात. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादन-नोंदी केविन मार्टी यांनी परवाना घेऊन सांभाळल्या आहेत. गाडीचा नंबर द्यावा आणि तिचा मूळ रंग, गिअरबॉक्स, कोणत्या डीलरकडे गेली, हे सगळं कागदावर यावं. शेवरलेटने असा साठा ठेवला नाही. तिथे आशा असते ती कारखान्यातल्या एका साध्या कागदाची. कोणत्या गाडीला काय बसवायचं ते सांगणारा तो तक्ता लाइनवरचे कामगार काम झाल्यावर सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचे किंवा पेट्रोलच्या टाकीवर टाकून द्यायचे. उंदरांनी कुरतडलेला, तपकिरी पडलेला तो कागद सीट उसवल्यावर हाती लागला, की लोक काचेत बसवून ठेवतात.

तारखेच्या या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिलं ते एका कुटुंबाने. १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून स्टीव्ह मॅक्वीन जी गडद हिरवी मस्टँग जीटी पळवतो, तशा एकसारख्या दोन गाड्या चित्रीकरणात वापरल्या होत्या. त्यांतली मुख्य गाडी १९७४ साली न्यू जर्सीच्या रॉबर्ट कीर्नन यांनी विकत घेतली. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवायला याच गाडीतून जायच्या. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. कीर्नन यांनी दिली नाही. १९८०च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती कित्येक वर्षं. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलगा शॉन याने ती चालती केली आणि जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात जगासमोर आणली. फिकटलेला रंग, पोचे, गंज, चित्रीकरणाचा कॅमेरा बांधायला तळाशी वेल्ड केलेल्या नळ्या, सगळं तसंच. नवा रंग देणारे शंभर कारागीर त्याला मिळाले असते. त्याने एकही बोलावला नाही. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमी इथे लिलावात ही गाडी ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, आणि तोवर कुठल्याही मस्टँगला एवढी किंमत आली नव्हती. शॉनने १९६८ निवडलं नाही की १९७४ निवडलं नाही. गाडीवरून गेलेली सगळी वर्षं त्याने राहू दिली. या गाडीपुरता तरी याहून योग्य निर्णय दुसरा नव्हता.

दुसऱ्या गाडीची गोष्ट ऐकताना मात्र अंगावर काटा येतो. उड्या मारायला वापरलेली ती मस्टँग हरवली, असं सगळे धरून चालले होते. २०१७ साली ती मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया भागात सापडली, इंजिनाविना, वर वेगळा रंग चढलेली. ज्यांच्या हाती लागली ते तिला ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ या चित्रपटातल्या ‘एलिनॉर’ मस्टँगचं रूप द्यायला निघाले होते: नवं नाक, रुंद कुशी, राखाडी रंग. त्याआधी कुणीतरी नंबर तपासला. मार्टी जाऊन बघून आले; जोरात आपटणं सोसावं म्हणून चित्रीकरणाच्या वेळी केलेली मजबुती पत्र्यावर अजून होती. आणखी काही आठवडे गेले असते तर कटरने तीच जागा कापली असती. जुन्या गाडीत हात घालण्याआधी तिचा नंबर वाचावा, हा नियम कारागिरांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

तरीही बदल करणाऱ्यांच्या विरोधात उभं राहणं बरोबर नाही. १९६९च्या कॅमॅरोचं उत्पादन दोन लाख चाळीस हजारांच्या वर झालं. त्यांतली प्रत्येक गाडी म्हणजे ठेवा नव्हे. साध्या सहा सिलिंडरच्या, इंजिन केव्हाच भंगारात गेलेल्या गाडीला कारखान्याच्या तारखेवर ओढून नेण्यात कुणाचं भलं आहे? आणि कारखान्याची ती गाडी चालवायला सोपी नव्हती. ड्रम ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबले की तापून ढिले पडायचे, स्टेअरिंगला मधोमध खेळ असायचा, वळणावर मागचे पाटे मनाला येईल तिकडे झुकायचे. सरळ रस्त्यावर पाव मैल सुसाट जायचं, एवढ्यासाठी ती बनली होती.

जनरल मोटर्समध्येच काम करणारे अभियंता मार्क स्टीलो यांनी १९९०च्या दशकात वेगळा विचार केला. कॅमॅरो वळली तरी पाहिजे आणि थांबली तरी पाहिजे. मोठे डिस्क ब्रेक, नव्याने आखलेलं सस्पेन्शन, जास्त गिअर, रुंद टायर अशी गाडी बांधून त्यांनी ती ‘वन लॅप ऑफ अमेरिका’ या देशभर फिरणाऱ्या स्पर्धेत उतरवली. एका शर्यतीच्या मैदानापासून दुसऱ्यापर्यंत रस्त्याने जायचं, तिथे वेळ नोंदवायची आणि पुन्हा निघायचं, असा तिचा क्रम. या घाटाच्या गाड्यांना ‘प्रो टूरिंग’ म्हणू लागले. मग १९९७ साली शेवरलेट कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ इंजिन आलं: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, फ्युएल इंजेक्शन, तरी कॅमशाफ्ट जुन्या शेवरलेटसारखी ब्लॉकच्याच पोटात, त्यामुळे बांधा आटोपशीर. अपघातात गेलेल्या गाड्यांमधून ही इंजिनं भंगारवाल्यांकडे पोहोचली आणि तिथून जुन्या कॅमॅरो-शेव्हेलच्या बॉनेटखाली. विस्कॉन्सिनमधल्या स्प्रिंग ग्रीन या छोट्या गावात जिम आणि माइक रिंग हे भाऊ अशाच गाड्या घडवतात. २०१७ साली लास वेगासच्या ‘सेमा’ प्रदर्शनात त्यांनी १९७२ची एएमसी जॅव्हेलिन नेली होती. तिच्यात डॉजचं सुपरचार्जर लावलेलं हेलकॅट इंजिन होतं आणि ताकद एक हजार अश्वशक्तीच्या वर. एएमसी कंपनीच आता नाही. तिने १९७२ नंतर आणखी अर्धशतक गाड्या सुधारत नेल्या असत्या तर काय निघालं असतं, त्याचं उत्तर या भावांनी पत्र्यात ठोकून काढलं. कधीच न उगवलेल्या दिवसाची ती गाडी आहे.

या कामातले विचारी लोक परतीची वाट मोकळी ठेवतात. मूळ इंजिन तेल चोळून, झाकून कोपऱ्यात स्टँडवर उभं ठेवतात. नवे ब्रेक जुन्याच भोकांत बसतील असे घेतात. पुढच्या मालकाला तारीख बदलावीशी वाटली तर त्याला ती बदलता यावी.

भारतात कायद्याने बाजू आधीच घेतली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरपट्टी दिली, तीही मूळ रूप राखलं असेल तरच. स्टीलो यांच्या कॅमॅरोला मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर कागद मिळणं कठीण. जुन्या गाड्यांचं मूळ रूप जपायला या नियमांचा उपयोग आहे. पण जुनी गाडी सुरक्षितपणे थांबावी म्हणून लावलेला डिस्क ब्रेक आणि नुसता बडेजाव यांत फरक करायची सोय त्यांत असायला हवी होती.

कारखान्याची तारीख निवडणाऱ्यांनाही ती पूर्ण मिळत नाही. १९६९चं पेट्रोल आता नाही. त्यात शिसं असायचं. ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरून तिची झीज रोखायचं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंद झालं, आणि हवेच्या दृष्टीने ते झालं हे उत्तमच. म्हणून आता हेड उघडलं की त्यात कडक पोलादाच्या नव्या बैठकी बसवतात. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं, म्हणून मूळ खुणांचे, मूळ घाटाचे, पण आतून नव्या रसायनाचे पाइप येतात. ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसही कमी झालंय, कारण फॉस्फरस नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतं. जुन्या इंजिनात मात्र कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट टॅपेटवर सरळ घासतो, आणि तिथे या दोन द्रव्यांची गरज असते.

म्हणून नव्याने बांधलेलं जुनं इंजिन पहिल्यांदा सुरू करायचा दिवस सगळ्या गॅरेजांत एकसारखा असतो, मग गाडी खडूच्या खुणांची असो की क्रेगरच्या चाकांची. जस्ताचं वेगळं औषध घातलेलं ऑइल भरतात. इग्निशनचं टायमिंग आधीच लावून ठेवतात, कार्ब्युरेटर भरून घेतात, म्हणजे स्टार्टर फार वेळ फिरवावा लागू नये. इंजिनाने पेट घेतला की त्याला संथ चालू द्यायचं नाही. कमी फेऱ्यांत क्रँककडून उडणारं ऑइल कॅमपर्यंत पुरेसं पोहोचत नाही आणि नवा कॅम काही मिनिटांत बाद होतो. लगेच मिनिटाला दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर न्यायचं आणि वीस मिनिटं, अर्धा तास तिथेच ठेवायचं. एकजण पाण्याचं तापमान बघतो, एकजण ऑइलचं प्रेशर, एकजण वाकून गळती शोधतो. बोलणं खुणांनी. आवाजाने शेजारचे लोक दारात येऊन उभे राहतात. वेळ झाली की इंजिन बंद करतात, ते पहिलं ऑइल गरम असतानाच काढून टाकतात आणि फिल्टर मधोमध कापून, कागदाची घडी उलगडून, तीत लोखंडाचा कीस आहे का ते उजेडात धरून बघतात.